गुळाचा रंग आणि गिऱ्हाइकाचा डोळा

सेंद्रिय म्हणून विकला जाणारा जिन्नस गिऱ्हाईक जादा दाम मोजून का घेते, या प्रश्नाला आरोग्याची चिंता, निसर्गाविषयीची आस्था, खिशाची ऐपत अशी अनेक उत्तरे दिली जातात, आणि ती खोटीही नाहीत. परंतु कोल्हापुरी गुळाचा पूर्वेतिहास पाहणाऱ्याला या सर्वांच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा विचार करावा लागतो.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरापर्यंत आगगाडी आली, १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसविली, आणि पंचगंगेकाठच्या गुळाला परमुलखाची वाट मोकळी झाली. पुढे गुजरात हे त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले. शिवारातच गूळ घेणाऱ्याला गुऱ्हाळाचे सर्व व्यवहार दिसत. काहिलीत रस तापत असे, रानभेंडीच्या चिकट पाण्याने आणि चुन्याच्या बेताच्या निवळीने मळी वर येई, ती झाऱ्याने काढली जाई, आणि पाकाचा थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी होते की नाही हे पाहणारा गुळव्या, काहील कोणत्या क्षणी उतरवावयाची याचा निवाडा देई. त्या निवाड्यावर अपील नसे. शेकडो कोसांवरील खरेदीदारास यांतले काहीच दिसत नव्हते. त्याच्यापुढे येई तो कापडात बांधलेला रवा, आणि त्याची परीक्षा करण्यास मुख्य साधन एकच, रंग.

पिवळाधमक रवा म्हणजे नितळ रस आणि निष्णात गुळव्या, हे अनुमान मुळात निराधार नव्हते. अनिष्ट इतकेच झाले, की अनुमानालाच भाव मिळू लागला. मग काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळाच्या भाषेत हायड्रोसची पावडर, पडू लागली, आणि जे काम भेंडीने व झाऱ्याने तासभर करावयाचे त्याचा देखावा चिमूटभर भुकटीने उभा केला. गुळातील गंधकाच्या अंशावर कायद्याने मर्यादा घातली खरी, पण सौद्यात भाव फिक्या रंगालाच मिळत राहिला. दोष एकट्या रयतेवर लोटणे मला न्याय्य वाटत नाही. अडत्याने मागितले ते तिने दिले, आणि अडत्याने मागितले ते गिऱ्हाइकाच्या वतीने.

रसायनांची धास्ती शहरात पसरली, तेव्हा याच डोळ्याने आपली निष्ठा बदलली. ज्या तांबूस-काळसर रव्याला पेठेत नाके मुरडली जात, तोच आता पुडीत बांधून ‘सेंद्रिय’ या नावाने चढ्या दराने विकला जातो. वस्तुतः सेंद्रियत्व उसाच्या शेतापासून सुरू होते आणि ते डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच दाखल्याची गरज उत्पन्न झाली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रम, आणि पुढे २०१७ ची सेंद्रिय खाद्यपदार्थांची नियमावली व तिचे ‘जैविक भारत’ हे चिन्ह, या साऱ्या दस्तऐवजांचा हेतू, दूरच्या गिऱ्हाइकास गुऱ्हाळाच्या काठावर उभे असल्याचा भरवसा देणे हाच होय. तथापि पाकिटावरील मोहर वाचण्याचे श्रम घेणारे थोडे. बहुतेक जण अजूनही रंगच पाहतात.

ज्यांना काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ असे वाटते, त्यांनी एकदा कोणत्याही गुऱ्हाळावर जाऊन विचारावे: मळी नीट काढली नाही, किंवा पाक करपला, तरीही गूळ काळाच होतो.