वऱ्हाडांतील धनुष्य आणि लाकूड वांकविण्याची विद्या

शस्त्रांच्या इतिहासांत धनुष्याचें नांव जितक्या वेळां येतें, तितक्या वेळां तें घडविणाऱ्याचें येत नाहीं. कोणत्या वीरानें कोणतें धनुष्य चालविलें हें आम्ही ग्रंथांतून शोधून काढतों. पण काठी मोडूं न देतां तिला हवा तो आकार कसा दिला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अलीकडे हौसेनें आपलें पहिलें धनुष्य हातानें करणारे लोक लाकडाला वाफ देऊन वांकवितात. ही रीत सर्वस्वीं पाश्चात्त्यांची, असा समज सहज होण्यासारखा आहे. तो कितपत खरा, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम द्रव्याविषयीं. 'कमान' हा शब्द फारसी. परंतु 'तिरकमठा' ह्यांतील कमठा आपल्या घरचा आहे. संस्कृतांत 'कमठ' ह्या शब्दाचा एक अर्थ वेळू असाही आहे. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशीं धनुष्याचीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत. झर्क्सीसच्या सैन्यांतील हिंदी लोकांचीं धनुष्यें वेताची अथवा बोरूसारख्या काठीचीं होतीं, असें हिरोडोटस लिहितो. लाकडांत धामणीचा मान मोठा; तिला संस्कृतांत 'धनुर्वृक्ष' असेंच नांव आहे. चिवट आणि लवचीक असल्यामुळें कावडीच्या दांड्यालाही धामणीचें लाकूड वापरीत.

आतां स्थळाविषयीं. मानोरा तालुका वाशीमच्या पूर्वेस आहे. पूर्वीं तो अकोला जिल्ह्यांत होता. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा निराळा झाला, तेव्हां त्यांत आला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्या शाखेंतील विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच उजेडांत आला. ह्याच शाखेंतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव ह्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें, हें तेथील शिलालेखावरून सिद्ध आहे. त्याच अजिंठ्यास पहिल्या लेण्याच्या भिंतींवर महाजनक जातकाची कथा रंगविलेली आहे, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर ह्या कथेच्या पाली पाठांत सांपडतें.

राज्य सोडून निघालेल्या महाजनकाला एका नगरांत बाण करणारा कारागीर दिसतो. तो शेगडींतील निखाऱ्यांवर बाणाची काडी तापवितो, आंबट कांजीनें ती भिजवितो, आणि एक डोळा मिटून दुसऱ्यानें पाहत ती सरळ करतो. कथेंत ह्याचा उपयोग एकांतवासाचें महत्त्व सांगण्यासाठीं केला आहे. परंतु दृष्टांतांत आलेली कारागिरीची माहिती इतिहासाला अधिक विश्वसनीय असते. कारण श्रोत्याला जें परिचित असतें, तेंच दृष्टांतासाठीं घेतलें जातें. मज्झिमनिकायांतील देवदह सुत्तांतही बाण करणारा काडी दोन पेटत्या कोलतींच्या मध्यें तापवून सरळ करतो. म्हणजे उष्णता आणि ओलावा ह्या दोहोंची जोडी येथें स्पष्ट आहे.

ही जोडी कां लागते? लाकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारें जें द्रव्य, तें ओलें असतां पाण्याच्या उकळीइतक्या उष्णतेनें मऊ पडतें आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतें. तापलेल्या काडीवर कांजी पडली कीं पृष्ठभागावर वाफच होते. पेटींत लाकूड ठेवून एक इंच जाडीस सुमारें एक तास वाफ द्यावी, हा आजचा साधारण नियम. मिखाएल थोनेट ह्यानें वांकविलेल्या लाकडाचें पेटंट १८५६ सालीं मिळविलें आणि १८५९ सालच्या खुर्चीनें तो जगभर प्रसिद्ध झाला. कारखानदारीचा तो पराक्रम निःसंशय मोठा आहे. पण त्यामागील तत्त्व त्याहून शेंकडों वर्षें जुनें आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. कारागीर बाण सरळ करीत होता, धनुष्य वांकवीत नव्हता. आक्षेप योग्य आहे. पण त्याचें उत्तर धनुष्याच्या रचनेंतच आहे. खानदेशांतील भिल्लांचा कमठा वेळूचा असून त्याची दोरीही वेळूच्या सालीच्या पट्टीची असे. अशा धनुष्याला बांक दोरीच देते. आग किंवा वाफ लागते ती मुख्यतः पेरांजवळचा वांकडेपणा काढण्यासाठीं. नवशिक्याचें पहिलें कामही हेंच: काठी आधीं सरळ करणें, आणि मग तिला ओढ देणें. वाफाळलेलें लाकूड साच्याला बांधून पुरतें वाळेपर्यंत ठेवावें लागतें. ओलें असतांच ओढल्यास तें दोरी सोडल्यावरही वांकलेलेंच राहतें आणि बाणाचा जोर जातो.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें धनुष्यबाणांची गणना शस्त्रांत केली. बंदुकीनें धनुष्याचें लष्करी महत्त्व तर त्यापूर्वींच घालविलें होतें. तथापि विद्या समूळ नष्ट झाली नाहीं. वेळू आगीवर शेकून सरळ करणाऱ्या कारागिरांच्या हातांत ती राहिली, आणि नवशिके तिरंदाज अजूनही वेळूच्या धनुष्यावर तीस व पन्नास मीटरांचा नेम शिकतात.

ताम्रपट धातूचा असल्यामुळें पंधराशें वर्षें टिकला; धामणीची काठी तितकी टिकत नाहीं. तिचा इतिहास कारागिराच्या हातांत आणि त्याच्या धंद्याच्या शब्दांत आहे. मानोऱ्यासारख्या तालुक्यांतून जुन्या कागदांबरोबर हे शब्दही टिपून घ्यावेत, अशी इतिहासप्रेमी वाचकांस आमची विनंती आहे. कागदाची नक्कल करतां येते. हातची विद्या माणसाबरोबर जाते.