चित्र हा पुरावा असतो, पण कशाचा?

गळ्यात मडकं, कमरेला झाडू. पेशवाईतल्या अस्पृश्याचं हे रूप चित्रकार सवी सावरकर यांनी अनेकदा रंगवलं आहे. संशोधनाची तयारी करताना असं चित्र समोर आलं की आपण पटकन लिहून टाकतो, 'यावरून पेशवाईतली स्थिती दिसते.' इथे जरा थांबा.

पेशवाई संपली १८१८ साली. सावरकरांचा जन्म १९६१ चा, नागपूरचा. पुढचं शिक्षण बडोद्याला. म्हणजे त्यांनी ते दृश्य पाहिलेलं नाही. मग चित्र खोटं का? तसंही नाही. फक्त ते अठराव्या शतकाचं थेट साधन नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस दलित समाज आपला भूतकाळ कसा आठवतो आणि तो कुणासमोर मांडतो, याचं ते अस्सल साधन आहे.

पेशवाईबद्दल बोलायचं तर मागे जावं लागेल. मडकं आणि झाडूचा उल्लेख बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात आहे. त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईतल्या छळाबद्दल ती लिहिते तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम ३७ वर्षं झालेली आहेत. तिच्या आजूबाजूला तो काळ भोगलेली माणसं असणारच. प्रत्येक साधनाचं त्या काळापासूनचं अंतर असं मोजायचं असतं.

आता अमेरिकेकडे बघा. फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' तिथे गुलामी संपवणाऱ्यांनाच अर्पण केली होती, त्यामुळे ही तुलना आपल्याकडे नवी नाही. कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स यांनी १९४०-४१ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर ६० चित्रं केली. आधी हार्लेमच्या ग्रंथालयात वाचन, मग प्रत्येक चित्राखालची ओळ, आणि नंतर रंग. त्यांचे आईवडील स्वतः त्या स्थलांतरातले. म्हणजे ग्रंथालयातली टिपणं आणि घरातली आठवण, दोन्ही त्या चित्रांत आहेत. अभ्यासकाने ती वेगळी ओळखायची.

का एवढी काटेकोरी? ज्यांना लिहू दिलं नाही, त्यांचा इतिहास 'पुरावा नाही' म्हणून सहज उडवून लावला जातो. आपण चित्राकडून नको ते वदवून घेतलं, तर उडवणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

सुरुवात गावातूनच करा. आमचं सारोळं नीरेकाठी, पुणे-सातारा रस्त्यावर. तिथे असो की तुमच्या गावात, भीमजयंतीचा फलक किंवा समाजमंदिराची भिंत दिसली की फोटो काढा. कुणी रंगवलं, कधी, मूळ चित्र कुठून घेतलं, वर्गणी कुणाची, हे विचारून तारखेसह वहीत लिहा. फलक दुसऱ्या दिवशी उतरतो, भिंतीवर नवा रंग चढतो. तुमची वही मात्र पुढच्या अभ्यासकाला साधन म्हणून उरेल.