चिमेनेआ : एका शब्दाचा आणि एका वस्तूचा इतिहास

शब्दाच्या वयावरून वस्तूचे वय ठरविण्याचा मोह व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकास नेहमीच पडतो. हा मोह कोठवर क्षम्य आहे, हे पाहण्यास मेक्सिकोतील मातीची उघड्यावरची शेगडी हे उदाहरण फार उपयोगी आहे. फुगीर पोट, समोर एकच तोंड आणि वर निमुळते होत गेलेले धुराडे, असे तिचे रूप असते. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'चिमेनेआ' हा शब्द चुलाणे व धुराडे या दोन्ही अर्थी चालतो. परंतु इंग्रजी भाषकांनी 'चिमिनेआ' हे रूप या विशिष्ट शेगडीसाठी रूढ केले. विक्रेते तिला अतिप्राचीन म्हणून गौरवितात. या दाव्यास शब्दांचा आधार कितपत मिळतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्द घेऊ. ग्रीक 'कामिनोस' म्हणजे भट्टी. त्यावरून लॅटिन 'कामिनुस', आणि पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कामिनाता', म्हणजे अग्निस्थान असलेली खोली. याच शब्दाची फ्रेंच संतती 'शमिने'. ती स्पॅनिशमध्ये 'चिमेनेआ', पोर्तुगीजमध्ये 'शामिने' व इंग्रजीत 'चिम्नी' झाली. रशियनमध्ये मात्र 'कोम्नाता' म्हणजे केवळ खोली. तेथे अग्नी विझला आणि भिंती तेवढ्या उरल्या. उलट इंग्रजीत खोली गेली, अग्नीही मागे पडला आणि धुराची वाट शिल्लक राहिली. भट्टी, खोली, चुलाणे, धुराडे असा हा अर्थप्रवास आहे.

हा शब्द मेक्सिकोत पोहोचला तो १५२१ मधील स्पॅनिश विजयानंतर. तत्पूर्वी तेथे अग्नीसाठी संपन्न शब्दसंपत्ती होती. नाहुआत्ल भाषेत चुलाण्यास 'त्लेक्विल्ली' म्हणत. यात 'त्लेत्ल', म्हणजे अग्नी, हा शब्द आहे. चुलीच्या तीन दगडांस 'तेनामास्त्ली' व भाकरी भाजण्याच्या मातीच्या तव्यास 'कोमाल्ली' अशी नावे होती. 'तेनामास्ते' व 'कोमाल' या रूपांत ती मेक्सिकन स्पॅनिशमध्ये आजही जिवंत आहेत. हलवता येणाऱ्या शेगडीस तेथे 'आनाफ्रे' म्हणतात. तो शब्द अरबीतून स्पेनमार्गे आला. म्हणजे तवा व चुलीचे दगड नाहुआत्ल, शेगडी अरबी, धुराडे फ्रेंच, असे तीन थर एकाच स्वयंपाकघरात आढळतात.

यावरून, ज्याला परके नाव आहे ती वस्तूही परकीच, असा निष्कर्ष काढावयाचा काय? तसे करणे धाडसाचे होईल. कुइकुइल्को व तेओतिवाकान येथील उत्खननांत वृद्ध अग्निदेवाच्या मूर्ती मिळाल्या आहेत. तो मस्तकावर अग्निपात्र धारण करून बसलेला असतो. अग्निपात्र अशा रीतीने स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वी अनेक शतके होते. तथापि आज त्यास 'ब्रासेरो' हा स्पॅनिश शब्दच लावला जातो. नाव बदलले, वस्तू राहिली. त्याचप्रमाणे 'चिमेनेआ' या नावावरून ही शेगडी युरोपीय ठरत नाही आणि मातीच्या घडणीवरून ती प्राचीनही ठरत नाही. शब्द फक्त संपर्काची साक्ष देतो.

वस्तूची घडण अधिक बोलकी आहे. पुढच्या तोंडातून हवा आत येते, तापून हलकी होते आणि धुरासह नळीतून वर जाते. त्यामुळे धूर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. माती मंद आचेवर भाजलेली असल्याने एकाएकी तापविल्यास तडकते. म्हणून नव्या शेगडीत प्रथम काही वेळा लहान जाळच करावा, तळाशी वाळूचा थर द्यावा, तापलेल्या पोटावर पाणी पडू देऊ नये. बिडाची शेगडी घेतल्यास तडकण्याचे भय कमी असते. परंतु ती जड असते आणि तिचा बाह्य भाग फार तापतो. रांधावयाचे झाल्यास ज्वाला ओसरून निखारे झाल्यावरच तवा ठेवावा. बंदिस्त जागेत ती पेटविणे विषारी वायूमुळे प्राणघातक ठरू शकते.

बागेत जो सोयीचा प्रश्न आहे, तो खेड्यातील घरात आरोग्याचा आहे. तीन दगडांच्या चुलीचा धूर प्रामुख्याने स्त्रिया व मुले यांच्या छातीत जातो. ग्वातेमालात १९७६ च्या भूकंपानंतर 'लोरेना' नावाची धुराड्याची चूल प्रसृत झाली. हे नाव 'लोदो', म्हणजे चिखल, व 'आरेना', म्हणजे वाळू, यांच्या संयोगाने बनले. मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतातील सुधारित चुलीस पुरेपेचा भाषेतील 'पात्सारी' हे नाव दिले गेले. नवी वस्तू आली, तरी नाव देताना लोकभाषेकडे वळता येते, हे यातून दिसते.

मराठीसही हा शब्द इंग्रजीमार्फत मिळाला. आपण त्याची 'चिमणी' केली, पक्षिवाचक शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य जुळले आणि गिरणीचे धुराडे, कंदिलाची काच व रॉकेलचा लहानसा दिवा असे त्याचे अर्थ झाले. केवळ या शब्दावरून मराठी घरांतील दिव्याचा इतिहास कोणी लिहू लागल्यास तो जितका अपुरा ठरेल, तितकाच 'चिमेनेआ'वरून लिहिलेला मेक्सिकोच्या चुलीचा इतिहास अपुरा ठरतो. शब्दाची साक्ष अवश्य घ्यावी. परंतु निर्णय देण्यापूर्वी उत्खननातील पात्र आणि चुलीपुढे बसणारी व्यक्ती यांचीही साक्ष काढावी.