शॉक देण्याचा अधिकार

1960 च्या आसपासपर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला साध्या वॉर्डात ठेवत, आणि तेही शक्यतो सिस्टरच्या टेबलापासून लांब, कोपऱ्यातल्या शांत खाटेवर. सक्तीची विश्रांती, ऑक्सिजन, मॉर्फिन, एवढाच उपचार. दाखल झालेल्या दर दहांपैकी साधारण तिघे दगावत. पुष्कळदा पुढच्या फेरीला सिस्टर खाटेपाशी पोचली की मगच ते कळे.

कोरोनरी केअर युनिटमध्ये सारी नोकरी काढलेली मी परिचारिका आहे. या विभागाचा इतिहास सांगताना लोक यंत्रांची नावं घेतात. मला वाटतं, तो इतिहास नर्सला मिळालेल्या एका अधिकाराचा आहे.

कारण यंत्रं आधीच आली होती. आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ईसीजी काढून दाखवला होता. 1956 मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून शॉक देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणले. 1960 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तरी माणसं मरतच होती. हृदय थांबल्यावर तीन-चार मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, आणि डॉक्टरांना निरोप जाऊन ते वॉर्डात पोचेपर्यंत ती मिनिटं संपलेली असत.

1961 मध्ये एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये उपाय मांडला : असे रुग्ण एकत्र ठेवा, त्यांचा ईसीजी अखंड पाहा, धोक्याची घंटा बसवा, आणि हाताखालच्या सगळ्यांना शिकवा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलात ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात डॉ. लॉरेन्स मेल्त्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी सगळी मांडणी नर्सभोवती केली. डॉक्टर चोवीस तास खाटेशी बसू शकत नाही, नर्स असतेच. तेव्हा ठोक्यांचा बिघाड तिनेच ओळखावा, आणि डॉक्टर येण्याची वाट न पाहता शॉकही तिनेच द्यावा. ईसीजी वाचणं आणि शॉक देणं ही तोवर फक्त डॉक्टरांची कामं मानली जात. 1965 मध्ये या गटाने खास परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक काढलं.

हा अधिकार शिकल्याशिवाय पेलत नाही. रुग्ण दात घासत असला तरी पडद्यावर व्ही-टॅकसारख्या, म्हणजे जीवघेण्या जलद ठोक्यांसारख्या, लाटा उठतात. छातीवरची लीड सुटली तर सरळ रेष दिसते. अलार्म वाजला की आमच्या इन्चार्ज सिस्टरांचं एकच सांगणं असे, “आधी पेशंटकडे बघ, मग मॉनिटरकडे.” हाक मारायची, नाडी धरायची, कातडीचा गारवा पाहायचा. व्ही-फिब, म्हणजे ठोक्यांऐवजी हृदयाची नुसती थरथर, खरंच असेल तर एका सेकंदाचाही विलंब नको, आणि शॉक देताना कुणाचाही हात खाटेला लागलेला नको. नव्या मुलींना मी हेच शिकवत आले.

जिथे नर्सच्या हाती शॉकचं यंत्र दिलं, तिथे निकाल दिसला. काही वर्षांतच अशा विभागांतलं मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. 1969 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग परिचारिकांनी आपली संघटना काढली. 1971 मध्ये तिने सगळ्याच अतिदक्षता परिचारिकांना सामावून घेत नाव बदललं.

पण थांबलेलं हृदय सुरू करता येऊ लागलं तसा नवा प्रश्न उभा राहिला : प्रत्येकाचं सुरू करायचं का? कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्याही बरगड्या छाती दाबताना मोडत. काही हॉस्पिटलांत ‘स्लो कोड’ची कुजबुज चाले, म्हणजे प्रयत्न केल्यासारखं दाखवायचं, पण मनापासून नाही. नातेवाइकांशी केलेली ही फसवणूकच, आणि ती निभवायला लागे खाटेशी उभ्या असलेल्या नर्सला. 1974 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सुचवलं की पुनरुज्जीवन न करण्याचा निर्णय रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवावा. 1976 मध्ये बोस्टनच्या मोठ्या हॉस्पिटलांनी आपली लेखी धोरणं प्रसिद्ध केली.

आपल्याकडे जीव कुठवर टिकवायचा हा प्रश्न एका परिचारिकेच्याच नावाने कोर्टात गेला. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 42 वर्षं अंथरुणावर होत्या. अतिदक्षता विभागात नव्हे, साध्या वॉर्डात. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अन्न थांबवण्याची याचिका फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याची वाटही उघडली. 2018 मध्ये न्यायालयाने माणसाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली, आणि 2023 मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली.

2011 च्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : जिने शुश्रूषा केली, तिचा शब्द न्यायालयाने ऐकला. वॉर्डांत हे अजून रुजलेलं नाही. रात्री अडीचला रुग्णाची बायको विचारते, “सिस्टर, खरं सांगा, काही आशा आहे का?” रुग्णाने धाप लागत असताना “आता नळी नको” म्हटलेलंही सिस्टरच ऐकते. दुपारी उपचार थांबवायचे की नाही यावर नातेवाइकांची बैठक बसते, तेव्हा ती नर्स घरी झोपलेली असते आणि तिची नोंद कुणी वाचलेली नसते. शॉक देण्याइतका विश्वास साठ वर्षांपूर्वी तिच्यावर टाकला गेला. उपचार थांबवायच्या निर्णयातही तिला बोलावलं पाहिजे, आणि तिने काय ऐकलं ते केसपेपरवर तिच्या सहीनिशी आलं पाहिजे.