पायरी ओळखून

आपल्या भाषेत एक जुनी ताकीद आहे : आपली पायरी ओळखून राहा. ती कोणी कोणाला दिली, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. माझ्या आजोबांनी ती ऐकली, वडिलांनी ऐकली. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी महाविद्यालयात शिकवू लागलो तेव्हा वाटले, पायरी मागे पडली. ती मागे पडली नव्हती. फक्त माझ्या पायांखालून गेली होती. हे मला एका अमेरिकन व्हायोलिनवादक, गायिका आणि गीतकार स्त्रीच्या वाटचालीने दाखवून दिले.

त्यांचे नाव गेलिन ली. जन्म १९८४ चा, गाव मिनेसोटा राज्यातील डुलूथ. हाडे ठिसूळ असण्याचा विकार जन्मापासूनचा. हातपाय आखूड राहिले, वावर विजेच्या चाकखुर्चीवरून. शाळेत असताना या मुलीने एक वाद्यवृंद ऐकला आणि तिला तंतुवाद्याची ओढ लागली. संगीताच्या श्रवणचाचणीत तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले. पण व्हायोलिन हनुवटीखाली धरता येईना. तेव्हा संगीतशिक्षकांनी मुलीला नापास केले नाही, रीत बदलली. वाद्य सेलोसारखे समोर उभे धरायचे आणि त्यावर गज चालवायचा. आजही त्या तशाच वाजवतात.

गुणवत्तेचा रात्रंदिवस जप करणाऱ्यांनी या ठिकाणी थांबावे. गुणवत्ता त्या मुलीच्या कानात होती. अडथळा होता तो वाद्य धरण्याच्या ठरीव रीतीत. ही रीत ज्यांच्या शरीराला सोयीची, ते तिलाच गुणवत्ता म्हणत आले.

मात्र अशा मुलीला सर्वांच्या शाळेत बसता आले, ते केवळ एका शिक्षकाच्या चांगुलपणाने नव्हे. त्यामागे लढा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळू नये, असे कलम अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात आले. ते कलम ५०४. पण अंमलबजावणीचे नियम सरकार वर्षानुवर्षे अडवून बसले. ५ एप्रिल १९७७ रोजी शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात शिरले आणि तेथेच ठाण मांडून बसले. ज्युडिथ ह्यूमन या त्यांच्या एक नेत्या. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली, मगच ती माणसे बाहेर पडली.

या तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांना रोजचे गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने. ब्रॅड लोमॅक्स हे पँथर कार्यकर्ते स्वतः चाकखुर्चीवर होते आणि त्या ठिय्यात सामील होते. ज्या पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच पँथरच्या इतिहासातले हे पान. आपण बंदूक आणि काळे जाकीट लक्षात ठेवले. जेवणाचे डबे विसरलो.

गेलिन ली यांच्यामागे कोणी बडी ध्वनिमुद्रण कंपनी नव्हती. डुलूथमधील 'लो' या गटाचे अ‍ॅलन स्पारहॉक यांनी त्यांच्याबरोबर वाजवले, वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे लूप पेडल त्यांच्या हाती दिले. त्यातून एकट्या व्हायोलिनवर अनेक वाद्यांचा भराव उभा राहू लागला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओने घेतलेल्या 'टायनी डेस्क' स्पर्धेत सहा हजारांहून अधिक प्रवेशिकांतून त्यांचे स्वतःचे गीत पहिले आले. मग त्यांनी आणि त्यांच्या पतीने घर विकले, गाडी घेतली आणि ते गावोगाव कार्यक्रमांना निघाले.

आता गावे खुली होती, श्रोते खुले होते. स्टेज मात्र पायऱ्यांवर होते. काही ठिकाणी त्यांनी स्टेजखाली, जमिनीवर बसून गायले. पुढे त्यांनी ठरवले, जेथे चाकखुर्ची स्टेजवर जात नाही तेथे कार्यक्रम करायचा नाही. स्वतंत्र कलावंताचे पोट कार्यक्रमावर असते. अशा माणसाने बिदागीवर पाणी सोडणे हा सत्याग्रहच होय. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरील 'मॅकबेथ'ला त्यांनी संगीत दिले. अपंग संगीतकर्मींची 'रॅम्पड' ही संघटनाही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उभी केली.

हे वाचले आणि मला आमचे स्नेहसंमेलन आठवले. चाकखुर्चीवरची एक विद्यार्थिनी गाणार होती. स्टेजला पाच पायऱ्या. मी चार मुलांना हाक मारली, त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा ऊर भरून आला. नंतर ती म्हणाली, "सर, टाळ्या उचलण्याला पडल्या. गाणे कोणी ऐकले?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली आपली माणसे उभी राहिली, ती कोणी कडेवर घेऊन आत न्यावे म्हणून नव्हे. 'हरिजन' हे देवाचे नाव आपण नाकारले; १९३८ साली बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून मुंबई विधिमंडळात सभात्याग केला. आज अपंगांना 'दिव्यांग' म्हटले जाते, तेव्हा आपल्या कानांना ती जुनी गोडी ओळखू का येत नाही? नावात दिव्यत्व आणि दारात पायरी, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. २०१६ च्या कायद्याने आपल्याकडेही सार्वजनिक इमारतीत सुगम प्रवेश हा हक्क ठरला आहे. पण कायदा कागदावर ठेवून दया कशी वाटली जाते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

म्हणून प्रश्न इतरांना नंतर विचारू. भीमजयंतीचा आपला स्टेज किती उंच असतो? त्याला किती पायऱ्या असतात? तेथून समतेवर बोलणाऱ्यांत मीही होतो. यंदा वस्तीतल्या मंडपवाल्याला मी स्टेजला फळ्यांचा उतार लावायला सांगितले आहे. तो म्हणाला, "सर, एकीसाठी एवढे कशाला?" हा प्रश्नही आपण पूर्वी ऐकलेला आहे.