एक चतुर, अनेक नावं

पावसाळा सरत आला की ऑफिसच्या पार्किंगवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगायला लागतात. लहानपणी आम्ही त्यांना सरसकट 'हेलिकॉप्टर' म्हणायचो. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. परवा या नावाच्या मागे लागलो आणि अख्खा वीकेंड त्यातच गेला.

तर, लिनियसने 1758 मध्ये झाडून सगळे चतुर 'लिबेल्युला' या एकाच प्रजातीत टाकले होते. आपण सगळ्या फाइल्स डेस्कटॉपवर टाकतो ना, तसंच. त्याचा शिष्य फाब्रिशियस कीटकांचे जबडे बघून वर्गीकरण करायचा. त्याने 1798 मध्ये भारतातल्या नमुन्यावरून आपल्या चतुराला नाव दिलं लिबेल्युला फ्लॅव्हेसेन्स, म्हणजे पिवळसर.

खरा घोळ पुढे झाला. हाच कीटक जिथे जिथे सापडला तिथे नवीन म्हणून नोंदला गेला. पालिसो द बोव्हाने त्याला व्हिरिड्युला म्हटलं, 1839 मध्ये बुर्मायस्टरने टर्मिनॅलिस. डेटाबेसवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल, एकाच गिऱ्हाइकाची तीन खाती! पण त्यांना तरी काय दोष देणार? दोन इंचांचा जीव वेगवेगळ्या खंडांवर एकच असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? पुढे ही नावं सर्वांत जुन्या नावात जमा झाली.

1861 मध्ये कोनिग्सबर्गचा डॉक्टर हागेन याने जबडा सोडून पंख पाहिले. मागचा पंख बुडाशी चांगलाच रुंद. म्हणून नवी प्रजाती, पँटाला: 'पान' म्हणजे सगळं, 'आला' म्हणजे पंख. नुसता पंखच! तिच्यात आजही दोनच जाती आहेत. दुसरी हायमेनिया, अमेरिका खंडातली, मागच्या पंखावर तपकिरी डागाची.

हा पंख कशासाठी, ते 2009 मध्ये नीट उलगडलं. मालदीवमध्ये जमिनीवर गोडं पाणी जवळपास नाहीच, तरी दर ऑक्टोबरात चतुर येतात कुठून? चार्ल्स अँडरसनने मांडलं की ते वाऱ्यावर तरंगत भारतातून पूर्व आफ्रिकेला जातात आणि पुढच्या पिढ्या परत येतात. एकूण 14 ते 18 हजार किलोमीटर. 2016 मध्ये वेगवेगळ्या खंडांवरच्या चतुरांचे डीएनए तपासले, तर फरक फारच थोडा निघाला. म्हणजे ती खाती एकत्र केली ते बरोबरच होतं.

आमच्या पार्किंगमधली एक मादी मात्र काल चकचकीत बॉनेटला पाणी समजून त्यावर शेपूट टेकवत होती. दोन हात लांब खड्ड्यात खरं पाणी होतं.