आदर्श कुणाचे हरवले?

स्त्री घराबाहेर पडली, जुने आदर्श बुडाले, आता तरुणांपुढे ठेवावे असे काही उरले नाही, ही ओरड सनातन्यांची म्हणून आपण आजवर सोडून देत आलो. परंतु अलीकडे ती आपल्याही वस्त्यांतून, शिकल्यासवरल्या घरांतून ऐकू येते. म्हणून इतिहास शिकवणारी एक बाई या नात्याने मी साधा प्रश्न विचारते: हरवलेले हे आदर्श होते कुणाचे?

सीता-सावित्रीचा आदर्श उंबऱ्याच्या आत राहणाऱ्या स्त्रीसाठी सांगितला गेला. आमच्या आज्या-पणज्यांना असा उंबरा लाभलाच नाही. मोळ्या विकणे, दुसऱ्याच्या रानात खुरपणे, दारोदार भाकरी मागणे हे त्यांचे जिणे. पण त्या कष्ट करीत म्हणून मोकळ्या होत्या, असे कोणी समजू नये. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील सुनांचा छळ आणि नवऱ्यांची मारझोड झाकून ठेवलेली नाही. दारिद्र्याने स्त्रीला कामाला जुंपले. शब्द मात्र दिला नाही.

तो शब्द तिने मिळवला. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून मांग-महारांच्या दुःखाचा जाब थेट धर्माला विचारला. नागपूरच्या जाईबाई चौधरी हमाली करीत होत्या. त्या शिकल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगताच बायांनी जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत टाकून दिली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामकरी स्त्रियांना रजा आणि पेन्शन, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिल कायदेमंडळात येण्याआधीची ही गोष्ट आहे.

आता पुरुषाचे पाहू. त्याच्यापुढचा जुना नमुना येसकराचा होता: हातात काठी, तोंडी जोहार. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले आणि ती गुलामी गेली ते बरेच झाले. दुसरा नमुना गिरणी कामगाराचा. तिथेही जात होतीच. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून साचेखाते अस्पृश्याला बंद असे. तरी पगार आणणारा कर्ता पुरुष ही प्रतिष्ठा त्याला गिरणीने दिली. १९८२ च्या संपानंतर हजारो कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत. धुणीभांडी करून, डबे पोहोचवून, भाजी विकून बायांनी घरे तगवली. कर्तेपण गेलेल्या पुरुषाने मग काय व्हावे?

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४२ च्या त्याच परिषदेत देऊन ठेवले होते. पत्नीने नवऱ्याची दासी होऊ नये, बरोबरीच्या नात्याने मैत्रीण व्हावे, असे त्यांनी बायांना सांगितले. बायांना सांगितलेले हे वाक्य पुरुषांनाही लागू आहे. दासी नको म्हटले की धनीपणही संपते. आम्ही जयंतीला मिरवणूक काढली, पण हा अर्धा धडा पुरुषांनी वाचलाच नाही. बेबी कांबळे यांना आपले लिखाण नवऱ्यापासून वीस वर्षे लपवून ठेवावे लागले. हे चळवळीच्याच काळातले घर आहे!

म्हणून मी म्हणते, आदर्श हरवले नाहीत. ते नोंदवले गेले नाहीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बाया शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले, त्याला १९८९ साल उजाडावे लागले. तोवर किती जणी काही न सांगताच गेल्या असतील! आजही तुमच्या वस्तीत एखादी म्हातारी असेल, जिने मोर्चात मूल कडेवर घेतले होते. तिच्याकडे वही घेऊन जा. आणि जाताना मुलींबरोबर मुलांनाही न्या. नवा पुरुष कसा असावा, हे तिच्याइतके स्पष्ट त्यांना दुसरे कोण सांगणार?